हिवाळ्यात, बाइकवर, एकटीनं स्पितीला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की मला ठरावीक मेसेज यायला लागतात. काहींना बाइकबद्दल विचारायचं असतं, काहींना रस्त्याबद्दल, आणि नातेवाइकांना माझ्या डोक्याबद्दल. सगळ्यांची उत्तरं एकदाच इथं लिहून ठेवतेय.

डिसेंबर-जानेवारीत स्पितीचा रस्ता बंद नसतो का?

अर्धा असतो. हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात शिरायला दोन वाटा आहेत. मनालीकडून अटल बोगदा, ग्रांफू आणि मग कुंझुम खिंड ओलांडून येणारी एक. कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर आहे आणि हिवाळाभर बर्फाखाली असते. २०२० मध्ये सुरू झालेला अटल बोगदा रोहतांग टाळतो, कुंझुम टाळत नाही. त्यामुळे "आता बोगदा झालाय की" म्हणणाऱ्यांपुढे मी आधी नकाशा ठेवते.

दुसरी वाट शिमल्याची: नारकंडा, रामपूर, रेकाँग पिओ, पूह, खाब, नाको, ताबो, काझा. शिमल्यापासून काझा सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. खाबपर्यंत सतलजची सोबत, तिथं स्पिती नदी येऊन मिळते, मग तिच्या काठानं वर. हा भाग तिबेट सीमेलगतचा, लष्कराच्या वापरातला, म्हणून सीमा रस्ते संघटना, म्हणजे बीआरओ, तो बारा महिने चालू ठेवायला झटते. पण बारा महिने चालू म्हणजे रोज चालू नव्हे. बर्फ पडला की दोन-चार दिवस अडकायची तयारी हवी. परतीचं तिकीट घट्ट बांधून येणाऱ्यांनी ही वाट धरू नये.

दिवसाला किती किलोमीटर होतात?

किलोमीटर विचारू नका, तास विचारा. हिवाळ्यात किनौर-स्पितीत बाइकचा दिवस साधारण सकाळी दहा ते दुपारी साडेतीन एवढाच.

त्याचं कारण पाणी. डोंगरातून उतरणारे लहान-मोठे नाले जागोजागी रस्त्यावरून वाहतात. दुपारी वितळतात, संध्याकाळी थिजतात आणि रात्रीतून रस्त्यावर गुळगुळीत थर धरतात. सतलजची घळ इतकी अरुंद आहे की काही वळणांवर ऊन अकरानंतर पोचतं आणि काही वळणांवर महिनोन्महिने पोचतच नाही. त्या कायम सावलीतल्या वळणांवरच ब्लॅक आइस असतो. लांबून नुसता ओला डांबरी रस्ता वाटतो. उणे तापमानात रस्ता ओला दिसला की तो बर्फच समजायचा. आधी थांबायचं, खाली उतरून बुटानं घासून बघायचं, मगच गाडी पुढे घ्यायची.

मग भर दुपारीच सगळं उरकावं म्हटलं, तर ऊन तापलं की वरच्या भेगांमधला बर्फ सुटतो आणि त्यानं धरून ठेवलेले दगड निसटतात. खाबपासून नाकोपर्यंतच्या उघड्या, भुसभुशीत उतारांवर हे जास्त. तिथं फोटोसाठी थांबायचं नाही. हेल्मेटमधलं गाणं बंद, व्हायझर थोडा वर, आणि कान डोंगराकडे. बारीक खडी सरसरत आली की पाठोपाठ मोठं काही येऊ शकतं. म्हणजे सकाळी पायाखाली बर्फ, दुपारी डोक्यावर दगड, आणि मधल्या वेळेत आपण. माझा त्या दिवसाचा सगळा आराखडा एका प्रश्नावर ठरतो: कुठल्या टप्प्यावर ऊन किती वाजता येतं? याचं सगळ्यात खात्रीचं उत्तर एचआरटीसीच्या, म्हणजे हिमाचलच्या एसटीच्या, बसचे ड्रायव्हर देतात. पिओच्या स्टँडवर चहाच्या गाड्यापाशी दहा मिनिटं उभं राहिलं तरी मलिंग नाल्यापासून हुर्लिंगपर्यंतचा ताजा हालहवाल कळतो. हवामानाची सगळी अ‍ॅप्स त्यापुढे फिकी आहेत.

या हिशेबानं पन्नास-साठ किलोमीटर झाले तरी दिवस चांगला गेला म्हणायचं.

मग एकटीच का? चारजण असलेले बरे ना?

रस्त्यावर अडचण आली तर बरेच. पण हाताशी साडेपाच तास असताना चौघांचे चहा, चौघांचे हातमोजे आणि चौघांची मतं यांत दीड तास जातो, आणि तेवढ्यात पुढच्या नाल्यावरचं ऊन सरकतं. शिवाय मागे फिरायची वेळ येते तेव्हा कुणीतरी म्हणतंच, "एवढं आलोय तर जाऊ की!" मला हे वाक्य डोंगरातल्या कुठल्याही वळणापेक्षा धोक्याचं वाटतं. एकटी असले की साडेतीनला थांबायचं म्हणजे थांबायचं, कुणाची समजूत काढावी लागत नाही.

आणि खरं सांगायचं तर मला तसं आवडतं. इंजिनाचा आवाज, चढावर बदलणारा त्याचा श्वास, दुसऱ्या गिअरमध्ये तासन्‌तास संथ चालणं. उन्हाळ्यात याच रस्त्यावर हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाही.

ताई, बर्फावर बाइक चालवायची कशी? नुसतं वाचूनच पोटात गोळा येतो.

ताजा, भुसभुशीत बर्फ त्यातल्या त्यात सुखाचा. टायर रुततो, पण धरून राहतो. गाड्यांच्या चाकांनी दाबून घट्ट झालेला बर्फ त्याहून वाईट. त्यावर चाकोरीतून न जाता कडेचा खरखरीत भाग शोधायचा. आणि काचेसारखा गोठलेला नाला सगळ्यात वाईट.

नाल्यावर पोचायच्या आधीच वेग उतरवून पहिला गिअर. क्लच सोडलेला, थ्रॉटल स्थिर, पुढच्या ब्रेकवरून बोटं काढून घ्यायची. दोन्ही पाय खाली, वल्ह्यासारखे घासत. हँडल सरळ. नजर पलीकडच्या कोरड्या डांबरावर, चाकाकडे नाही. मध्येच घाबरून थ्रॉटल सोडला किंवा ब्रेक दाबला की गाडी आडवी. एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, इथं फार भरवसा धरू नका. पकडच नसेल तर तो तरी काय सांभाळणार? बर्फाळ उतारावर मी इंजिन ब्रेकिंगवर उतरते, मागचा ब्रेक अगदी हलका.

मागच्या टायरला साखळी लावली तर चढावर फार फरक पडतो. मात्र कोरड्या डांबरावर ती काढायलाच हवी, नाहीतर टायर आणि साखळी दोन्ही झिजतात. म्हणजे दिवसातून कितीदा तरी उकिडवं बसून, गोठलेल्या बोटांनी तीच कसरत. साखळी घरी पार्किंगमध्ये डोळे मिटून लावता-काढता येत असेल तरच न्या. बर्फाचा पट्टा लहान असेल तर मी साखळीच्या भानगडीत पडतच नाही. रस्त्याकडेची खडी आणि माती डब्यानं बर्फावर पसरते आणि त्या पट्ट्यावरून गाडी नेते. वेळ जातो, पण गाडी उभी राहते.

कोणती बाइक घेऊ?

हा प्रश्न बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळा येतो आणि त्याचं महत्त्व सगळ्यात कमी आहे. माझ्याकडे जुनी हिमालयन ४११ आहे. पुढचं चाक २१ इंची, सीट ८०० मिलिमीटरवर, त्यामुळे माझे दोन्ही पाय नीट टेकतात. बर्फावर बीएचपीपेक्षा, म्हणजे इंजिनाच्या ताकदीपेक्षा, याला किंमत आहे. वजन दोनशे किलोच्या घरात, ही तिची खोट. नवी ४५० ताकदवान आहे, पण थोडी उंच. एक्सपल्स २०० हलकी, पडली तर पटकन उचलता येते, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तीच सुचवेन, पाय पोचत असतील तर.

काझाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो. त्यामुळे ताकदही त्याच प्रमाणात उतरते. २४ बीएचपीची गाडी १५-१६ची होते. फ्युएल इंजेक्शन असेल तर मिश्रण ती स्वतः जुळवते, कार्ब्युरेटरची गाडी पेट्रोल जास्त ओढून धूर काढायला लागते. पण गेलेली ताकद दोघींनाही परत मिळत नाही. चढावर गाडी रडली तर घाबरू नका, गिअर उतरवा.

टायरच्या हवेबद्दल एक गंमत. पुण्यात ३० अंश तापमानात ३० पीएसआय हवा भरली, तर उणे २० अंशांत ती आकसून २२-२३ व्हायला हवी. पण काझाच्या उंचीवर बाहेरचाच दाब कमी, त्यामुळे गेजवर ती २७-२८ दिसते. थंडीनं नेलेलं उंची बरंचसं परत देते. फक्त खाली उतरल्यावर पुन्हा मोजायला विसरू नका.

सकाळी गाडी चालूच झाली नाही तर?

काझाला जानेवारीत रात्रीचा पारा उणे वीसपर्यंत, कधी त्याखालीही जातो. त्यामुळे सकाळची गाडी आदल्या संध्याकाळीच सुरू करायची असते. मुक्कामाला पोचल्यावर, इंजिन गरम असतानाच, मी हे करते. गाडी अशा भिंतीशी लावते जिथं सकाळचं पहिलं ऊन येईल. चाकांखाली फळी किंवा चपटे दगड, कारण ओल्या जमिनीवर टायर रातोरात चिकटून बसतो. ब्रेक ओले झाले असतील तर थोडं पुढे-मागे करून, दाबून वाळवते. किल्लीच्या भोकावर चिकटपट्टी, म्हणजे आत ओल जाऊन गोठत नाही. आणि शेवटी बॅटरी काढून खोलीत. लेड-अ‍ॅसिड बॅटरीची क्षमता उणे अठराच्या आसपास निम्म्यावर येते. रात्री ती माझ्या बॅगेशेजारी, जाड गोधडीत गुंडाळलेली असते. होमस्टेच्या काकूंना याचं पहिल्यांदा हसू येतं, मग त्याच नीट जागा करून देतात.

सकाळी उन्हाची वाट बघायची. इंजिनावर ऊन येऊन तासभर झाला की बॅटरी जोडायची, क्लच दाबून स्टार्टर द्यायचा, एका वेळी चार-पाच सेकंद, मग विश्रांती. गरम पाणी ओतू नका. खाली ओघळून तेच पाणी लॉकमध्ये, केबलीत आणि डिस्कवर गोठतं. इंजिनखाली जाळ करणारेही बघितलेत, त्यांच्यापासून गाडी लांब लावा. निघायच्या आधी पुण्यातच क्लच-थ्रॉटलच्या केबली साफ करून तेल घालून घ्या, कारण केबलीतली ओल गोठली की थ्रॉटल उघडा राहू शकतो. ऑइलच्या डब्यावर डब्ल्यूच्या आधीचा आकडा बघा: १५डब्ल्यूची थंड सुरुवातीची चाचणी उणे २० अंशांना होते, १०डब्ल्यूची उणे २५ला. तुमच्या इंजिनाला १०डब्ल्यू चालतं का, हे मॅन्युअल उघडून मेकॅनिकला विचारा. लिक्विड कूल्ड गाडी असेल तर कूलंटमध्ये साधं पाणी घालून पातळ केलेलं नाही ना, एवढं तपासा. ते गोठलं तर खर्च फार मोठा.

थंडीला काय घालायचं?

पुण्यात पारा आठवर आला की पेपरात बातमी येते, त्यामुळे आपल्या कपाटात याचं उत्तर नसतं. उणे ५ अंशांत ताशी ४० किलोमीटरनं चाललात तर उघड्या कातडीला ते उणे १४ वाटतं. म्हणजे भांडण वाऱ्याशी आहे. अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक थर्मल, वर फ्लीस, वर रायडिंग जॅकेट, आणि सगळ्यावर रेनकोट, पाऊस नसला तरी. सुती बनियन नको. घाम आला की ते ओलंच राहतं. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र ही जुन्या बुलेटवाल्यांची युक्ती आजही चालते.

हात सगळ्यात आधी हार मानतात. महागड्या हातमोज्यांपेक्षा मला उत्तरेत स्कूटरवाले हँडलला लावतात ती रेक्झिनची कव्हरं जास्त उपयोगी पडली. दिल्ली-चंदीगडला हिवाळ्यात सहज मिळतात, दिसायला गबाळी आहेत, असू देत. मला चष्मा आहे, त्यामुळे व्हायझरवर पिनलॉक (वाफ धरू न देणारी आतली पट्टी) आणि नाकावर श्वास खाली वळवणारा मास्क, दोन्ही लागतात.

विरळ हवेचा त्रास होतो का?

कुणालाही होऊ शकतो, जिमवाल्यांनाही. शिमल्याच्या वाटेचा मोठा फायदा हा की ती बेताबेतानं चढते: नारकंडा २,७०० मीटर, कल्पा २,९६०, नाको ३,६००च्या वर, मग ताबोला पुन्हा खाली ३,२८०, आणि मग काझा. कल्पाला, म्हणजे पिओच्या वरच्या गावात, एक दिवस जास्तीचा काढा. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, चालताना झोकांड्या जायला लागल्या, तर थांबायचंही नाही, खाली उतरायचं. डायमॉक्स हे उंचीच्या त्रासावरचं औषध घ्यायचं की नाही ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

यापेक्षा कमी बोलला जाणारा धोका शेगडीचा. बंद खोलीत कोळशाची अंगीठी ठेवून झोपायचं नाही, म्हणजे नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याचीही सुरुवात डोकेदुखीनंच होते, त्यामुळे माणूस उंचीला दोष देत झोपी जातो. धुराडं असलेली बुखारी, म्हणजे लोखंडी शेगडी, चालते, तीही झोपण्याआधी विझू द्या.

पेट्रोल गोठतं का? मिळतं का?

तिथल्या थंडीत गोठत नाही. त्रास डिझेलला होतो, त्यातलं मेण घट्ट होतं. म्हणून कधीकधी जीपा अडलेल्या आणि बाइक चालू, असं दृश्य दिसतं. पिओजवळच्या पोवारीनंतर भरवशाचा पंप काझालाच, मध्ये सुमारे २०० किलोमीटर. भरलेल्या टाकीत तेवढं अंतर होतं, तरी पाच लिटरचा कॅन जवळ असू द्या. रस्ता बंद असला की टँकरही बंद असतो.

घरचे सोडतात कसे? फोन लागतो का?

माझ्या बहिणीकडे कागदावर लिहिलेला मार्ग असतो: कुठल्या रात्री कुठलं गाव, कुठल्या घरी. मोठ्या गावांत फोन लागतो, मधल्या रस्त्यावर बहुतेक नाही, आणि वीज गेली की गावातही नाही. म्हणून आमचं ठरलेलं आहे: एक रात्र फोन आला नाही तर काळजी करायची नाही, दुसऱ्या रात्रीही आला नाही तर मुक्कामाच्या घरी आणि मग पोलिसांना फोन. परदेशी व्हिडिओ बघून सॅटेलाइट कम्युनिकेटर मागवू नका. भारतात परवानगीशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे, विमानतळावरच अडकाल.

बाई माणूस, एकटी, भीती नाही वाटत?

बर्फाची वाटते. माणसांची म्हणाल तर काझापेक्षा रात्री नऊनंतरच्या हायवेवर जास्त.

तिथं राहायची सोय असते?

मोजकी. बहुतेक हॉटेलं बंद असतात, काही होमस्टे चालू असतात. आधी फोन करून जा. नळ गोठलेले असतात, पाणी बादल्यांनी भरून आणलेलं असतं. आंघोळ विसरा. संडास कोरडा, वर माती-राख टाकायचा, आणि थंडीत तोच शहाणपणाचा. सगळं घर एका चुलीच्या खोलीत राहतं: मुलांचा अभ्यास, लोकर कातणं, थुक्पा, टीव्ही, सगळं तिथंच. तुम्हीही तिथंच बसायचं असतं. त्यांचं सरपण आणि रसद उन्हाळ्यात मोजून साठवलेली असते, त्यामुळे "वेगळं हीटर मिळेल का" हे विचारू नये. मी जाताना चहा पावडर आणि फराळाचा उरलेला चिवडा नेते. चिवड्याला तिथं भलताच मान आहे.

सायलेन्सरच्या आवाजानं हिमकडा कोसळतो म्हणे?

नाही, बाइकच्या आवाजात तेवढा जोर नसतो. कडे कोसळतात ते ताज्या बर्फाच्या वजनानं, वाऱ्यानं साठवलेल्या थरांनी, अचानक वाढलेल्या उबेनं. म्हणून बर्फ थांबल्यावरही एक-दोन दिवस गावातच बसायचं. फटाके फोडणारे सायलेन्सर मात्र तरीही नकोत, काझाजवळच्या किब्बर गावी हिमबिबट्या बघायला आलेले लोक शिव्या देतात.

पुण्याहून बाइक नेता कशी?

रेल्वेनं. झेलम एक्स्प्रेस पुण्याहून अंबाल्याला जाते, तिथून शिमल्याचा रस्ता. पार्सल ऑफिसात आरसीची प्रत आणि ओळखपत्र लागतं, टाकी पूर्ण रिकामी लागते, गाडी गोणपाटात बांधावी लागते. आरसे आणि इंडिकेटर काढून स्वतःजवळ ठेवा. गाडी तुमच्याच ट्रेननं येईल असं गृहीत धरू नका, दोन दिवस हातचे ठेवा.

पहिल्याच हिवाळ्यात स्पिती करू का?

नको. आधी नारकंड्याला जा, जानेवारीत. जमलं तर कल्पा. कल्प्याहून किन्नर कैलास समोर दिसतो, आणि तिथूनच परत आलात तरी कुणी तुमचं रायडरपण काढून घेत नाही. मनाली-लेहचा हिवाळ्यात विचारही नको, बारालाचा खिंड बंद असते.

हे असलं खूळ आपल्याकडेच आहे का?

छे. जर्मनीत १९५६ पासून ‘एलेफांटेनट्रेफेन’ नावाचा मेळा भरतो. ऐन हिवाळ्यात बाइकवाले येतात आणि बर्फात तंबू ठोकतात. नाव झ्युंडाप केएस ६०१ या साइडकारवाल्या, ‘हिरवा हत्ती’ म्हणवल्या जाणाऱ्या गाडीवरून पडलं. गेली काही दशकं तो बव्हेरियातल्या जंगलात भरतो. आत्याला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे तिकडेही आहेत."

दोनशे किलोची गाडी पडली तर एकटीनं कशी उचलायची?

पाठीनं. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, उजवीकडे पडली असेल तर आधी साइडस्टँड बाहेर. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवायचं. सीटला पाठ टेकून बसकण मारायची, एका हातानं हँडलची मूठ, दुसऱ्यानं मागची कॅरिअरची दांडी, आणि लहान-लहान पावलांनी मागे रेटायचं. जोर मांड्यांचा, कमरेचा नाही. बर्फावर मुख्य अडचण वजनाची नसतेच, पाय घसरतात. म्हणून माझ्या सॅडलबॅगेत वर, हाताशी येईल असं, एक रिकामं पोतं असतं. ते पायाखाली टाकायचं. हे सगळं घरी, गवतावर, सामान लादलेल्या गाडीवर करून बघा. सामानासकट उचलता येत नसेल तर आधी बॅगा सोडवायच्या.

या वर्षी तुमच्याबरोबर येऊ का?

बरोबर नको. पण त्याच दिवसांत निघणार असाल तर नारकंड्यात भेटू, चहा माझ्याकडून. पुढे तुम्ही तुमच्या वेळेनं निघा, मी माझ्या. पिओच्या बस स्टँडवर ड्रायव्हर लोकांना विचारून घ्या, मी पुढे गेलेय की अजून कल्प्यातच बसलेय.